उंडो बुडवून खाता का?

पाळी गावचे तुकारामभाऊ, गुडघा वाकू लागला का? केरीच्या शांतावहिनी, खोकला उतरला ना? वास्कोचे जावईबापू, साखर आटोक्यात आहे ना? मंडळी, या पत्रात एकेकाचं वेगळं विचारतोय, कारण ही सवय मला डॉक्टर वृंदाताईंनी लावली. "सगळे बरे ना?" असं घाऊक विचारलं की माणूस "बरे" म्हणतो आणि दुखणं पदराआड ठेवतो, असं त्या सांगतात. त्या ताईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत.

मी चौथी शिकलेला, खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. अन्ननलिकेच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या विदुषीवर मी काय लिहावं? पण त्यांची पहिली ओळख आमच्याच स्वयंपाकघरात झाली, म्हणून धीर केला.

तेव्हा ताई डिचोली तालुक्यात घरोघर फिरत होत्या. हातात छापील प्रश्नांचा कागद. माझ्या बायकोला, सुमनला, त्यांनी विचारलं, "गिळताना अडतं का?"

"ना गो बाय. दातांनी तेवढो दगो दिलो."

हे शहाणपण माझंच! तिला चावत नाही असं समजून मी कवळी करून आणली होती. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

कागद भरून झाला. आम्ही चहा पुढे केला, सोबत पदेराने, म्हणजे पाववाल्याने, सकाळी दिलेले उंडे, ते कडक कवचाचे गोल पाव. सुमनने आपला उंडो चहात बुडवला आणि त्याचा लगदा होईपर्यंत थांबली. ताईंचा कप हातातच राहिला.

"सुमनबाई, असं कधीपासून खाता?"

"गणपतीच्या चवथीपासून."

"आणि त्याआधी?"

मीच हसत म्हणालो, "त्याआधी कवच असं कुरकुर मोडायची, की शेजाऱ्यांक जाग यायची!"

ताई हसल्या नाहीत. "काका, उद्याच यांना घेऊन या. दात नव्हे, अन्ननलिका दुर्बिणीने बघायला हवी."

उठण्याआधी त्यांनी पेन काढलं, छापील प्रश्नावर काट मारली आणि खाली लिहिलं: उंडो बुडवून खाता का? कधीपासून? एवढी शिकलेली बाई सुमनच्या चुलीपुढे बसून आपला प्रश्न दुरुस्त करते! मी बघतच राहिलो.

तपासणीत कर्करोगच निघाला. पण गाठ पसरली नव्हती. सुमनने सरळ विचारलं, "किती दिस रवले?"

"आकडे पुष्कळ माणसांचे मिळून असतात. तुमचा एकटीचा आकडा माझ्याकडे नाही. रोज काय उतरलं ते काका लिहून ठेवतील, त्यावरून आपण चालू."

"पण माझ्याच वाट्याक कित्याक? उकळती पेज पियालें म्हणून? कसलें पाप?"

"पाप नाही शोधत मी, कारण शोधते. कढत पेजेवरही संशय आहे. पण तुमचं कारण मला अजून ठाऊक नाही."

"ठाऊक नाही" असं इतक्या स्वच्छपणे म्हणायला केवढी विद्या लागते!

शस्त्रक्रियेनंतर मी वहीत लिहीत गेलो: पेजेची निवळ, पेज, मऊ भात. पुढे ताईंचे ते दुरुस्त प्रश्नांचे कागद घेऊन त्यांच्याबरोबर पेडण्यापर्यंत फिरलो. केरीत शांतावहिनींनी नवऱ्याला ढोसलं, "सांग मरे, दिवाळीपासून बुडवतंस!" त्यांचंही दुखणं वेळेत सापडलं.

परवा सुमनने उंड्याचं कवच मोडलं, कोरडंच तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि उतरवलं. त्या कवळीचं अखेर सार्थक झालं.

ताई, कोरडा उंडो कुरकुर चावत आपण शंभरी गाठावी, आणि जे अजून ठाऊक नाही ते आपल्याच हाती लागावं, हे आम्हा दोघांचं देवाकडे मागणं.

मंडळी, उत्तर लवकर धाडा. "सगळे बरे" एवढंच लिहू नका. घरात कोण काय बुडवून खातं, ते आधी लिहा.