पाच प्रतींचा मुद्देमाल

काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधलेला तो गठ्ठा आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, उसाच्या फडात सापडलेली प्रेतं पाहिली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. हा गुन्हा मात्र साध्या चोरीचा होता, आणि चोरीला गेली होती पाच पुस्तकं. नाव कुणाचंच देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळूनही काही होणार नाही.

मी तेव्हा सांगलीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी घेऊन बंदोबस्ताची वाटणी करत होतो, तेवढ्यात फोन आला. सरकारी अनुदानावर चालणारं एक साहित्य मंडळ आमच्या हद्दीत होतं. दरवर्षी ते पुस्तकांना पुरस्कार देत असे. फोनवर त्या मंडळाचे सचिव होते. कार्यालयाच्या कपाटातून चोरी झाली, चोर ओळखीचा आहे आणि तो आत्ता एस.टी. स्टँडवर बसला आहे, असं त्यांनी सांगितलं. चोरी करून कुणी स्टँडवर गाडीची वाट बघत बसतं, हे मला पटेना. तरी दोन अंमलदार पाठवले.

अर्ध्या तासात माणूस समोर उभा. पन्नाशीचा, रापलेला, सरकारी खाकी पँट आणि वर पांढरा सदरा. वडूजजवळच्या एका खेड्यातला, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर. घराणं मेंढपाळाचं. तपकिरी कागदात गुंडाळलेला गठ्ठा त्याने पोटाशी धरला होता. मी कडेगावकडचा, उसातला माणूस. पूर्वेकडच्या मेंढरंवाल्यांबद्दल आमच्याकडे काही समज पक्के असतात. ते माझ्यातही होते, खोटं कशाला बोलू.

"काय रं, सरकारी कपाटात हात घालतोस?" मी दरडावलं.

"आवं सायेब, कपाट त्यांचं हाय. बुकं माझी हायत."

"तुझी म्हणजे?"

"म्या ल्हिलीत."

शेजारचा हवालदार फस्सकन हसला. मीही हसलोच असेन. तो मात्र न चिडता उभा होता.

विचारपूस करता करता सगळं बाहेर आलं. त्याची आई ऐंशीच्या पुढची. आयुष्यभर मेंढरांमागे चालली. माणदेशातून कृष्णाकाठापर्यंत कुठं मुक्काम पडायचा, कुठल्या विहिरीवर पाणी मिळायचं, कोण हाकलून द्यायचं, हे सगळं ती सांगत गेली आणि हा दवाखान्यातून आल्यावर लिहीत गेला. स्वतःच छापून घेतलं, एक प्रत आईच्या उशाला ठेवली. नियमाप्रमाणे पाच प्रती मंडळाकडे पाठवल्या. तीन परीक्षकांच्या, दोन दप्तरी ठेवायच्या. निकाल लागला आणि पुरस्कार मंडळाच्याच एका सदस्याच्या मेव्हण्याला गेला. आदल्या वर्षी तो दुसऱ्या सदस्याच्या विद्यार्थ्याला गेला होता. सांगलीत यावर कुजबुज होती, पण कुजबुजीवर गुन्हा नोंदवता येत नाही.

"बक्षीस मिळालं नाही म्हणून राग आला?" मी विचारलं.

"बक्षिसाचं ऱ्हाऊ द्या वो. म्हातारी रोज इचारती, कुणी वाचलं का रं? म्हणून आज त्यांना इचाराय गेल्तो, कुणी वाचलं, काय म्हणलं. तर सायेब भायेर बसा म्हणले. दोन तास बसलो. तवा उघड्या कपाटात खालच्या फळीवर ह्यो गठ्ठा दिसला. तिनं कातलेला दोरा लांबनं वळखला. गाठ जशीच्या तशी. उचलला आन् निघालो."

इतक्यात सचिव लेखी फिर्याद घेऊन आले. स्वच्छ बगळ्यासारखा पोशाख, बोलणं गोड. सादर केलेली पुस्तकं परत मिळणार नाहीत असा नियम होता, म्हणजे ती मंडळाची मालमत्ता. हा माणूस अर्जावर अर्ज करून त्रास देतो, तेव्हा त्याला एकदा सरळ करा, अशी त्यांची अपेक्षा होती. कागदावर सगळं बरोबर होतं. गुन्हा दाखल केला. अटक न करता नोटीस देऊन त्याला जायला सांगितलं, पण आरोपपत्र गेलं असतं तर त्याची नोकरी धोक्यात होती. त्याला ते माहीत होतं. त्याने फक्त इतकंच विचारलं, की हे गावात कळेल का.

जप्ती पंचनामा साधारण मी हवालदारावर सोडत असे. त्या दिवशी हवालदार बंदोबस्ताला गेला, म्हणून मीच सांगू लागलो आणि लेखनिक लिहू लागला. तपकिरी कागदाचा गठ्ठा एक. त्यावर आडवा-उभा लोकरीचा दुपेडी दोरा, गाठ मारलेली. दर्शनी बाजूस मंडळाचा जांभळा आवक शिक्का. एवढं बोललो आणि थांबलो. शिक्का दोऱ्यावरून मारला होता. त्याची अर्धी शाई दोऱ्यावर होती, अर्धी कागदावर, आणि रेघेला रेघ जुळत होती. एकदा दोरा सोडून पुन्हा बांधला तर ती शाई तशी जुळवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

मी सचिवांना चहा सांगितला. पोलिसांचा चहा माणसाला मोकळं करतो. मग सहज स्वरात विचारलं, "पुस्तकाचं परीक्षण झालं होतं ना?"

"अर्थात. तिन्ही परीक्षकांनी बारकाईने वाचलंय."

"गुणपत्रकं बघायला मिळतील?"

त्यांनी ती उत्साहाने मागवून घेतली. तीन सह्या, तीन वेगवेगळे गुण आणि शेरे. एकाने लिहिलं होतं, भाषा ओबडधोबड. दुसऱ्याने, अनुभव आहे पण रचना नाही.

"यांच्याकडे प्रती कुठून गेल्या?"

"आम्हीच देतो. लेखकाने दिलेल्या पाच प्रतींतून."

"दुसऱ्या कुठल्या प्रती नव्हत्या?"

"नाही, नियमच पाचचा आहे."

मी गठ्ठा टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. वजनकाट्यावर आणि कागदाच्या फटीतून मोजून आत पाचच प्रती असल्याचं पंचांनी आधीच पाहिलं होतं. "मग न वाचता हे लिहिलं कसं, साहेब?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वाटतं, आम्ही फिर्याद मागे घेतो."

त्या दिवशी मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. मी त्या परिचराला परत बोलावलं, खुर्ची दिली, आणि 'तू'वरून 'तुम्ही'वर आलो. चोरीची फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल कोर्टात पाठवला. त्याची नोकरी वाचली. परीक्षकांबाबत मात्र मी इरेला पेटलो. पाच पानांचा वेगळा अहवाल तयार करून वरिष्ठांमार्फत संबंधित खात्याकडे पाठवला. गठ्ठा हाच एकमेव पुरावा, म्हणून तो कुणी उघडायचा नाही अशी ताकीद देऊन मुद्देमाल खोलीत ठेवला. अहवालाला जोर यावा म्हणून शेवटी मी एक वाक्य घातलं: 'सदर पुस्तक दर्जेदार व वाचनीय असून त्याच्यावर अन्याय झाल्याचे दिसून येते.'

उत्तर यायला सात-आठ महिने लागले. गुणदान हा परीक्षकांचा अधिकार आहे, त्यात दखलपात्र गुन्हा आढळत नाही. दोन ओळी. मंडळाचा पुढचा पुरस्कार सोहळा ठरल्या दिवशी झाला आणि बंदोबस्त आमच्याच ठाण्याने दिला. मीही तिथे होतो. सचिवांनी मला पुष्पगुच्छ दिला, आणि तो मी घेतला.

माझ्या नोकरीचे शेवटचे पंधरा दिवस राहिले होते तेव्हा मुद्देमाल परत करण्याचा कोर्टाचा आदेश आला. परिचर वडूजहून सकाळच्या गाडीने आला. आल्या आल्या त्याने माझ्या पायाला हात लावला.

"सायेब, तुमचा कागद मला माहितीच्या अधिकारात मिळाला. दर्जेदार व वाचनीय. पाठ झालंय मला. म्हातारीला वाचून दावलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणली, पोलिसानं वाचलं म्हंजी खरं आसंल." आणि तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "लय दिस कुणी आलं की तेच सांगायची. गेल्या म्हैन्यात गेली ती."

मुद्देमाल कारकुनाने गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. परिचराने पावतीवर सही केली आणि गठ्ठा उचलला. दोऱ्यावरून अंगठा फिरवता फिरवता तो थांबला. शिक्का तसाच होता. रेघेला रेघ जुळलेली. त्याने गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे बघू लागलो.

"मला वाटलं, ठाण्यात सोडून वाचलं आसंल तुमी."

पुरावा होता, उघडता येत नव्हता, हे खरं होतं. पण त्याच्या घरी आईच्या उशाला एक प्रत होती आणि ती मागायला मला कुणी अडवलं नव्हतं. गेल्या दीड वर्षात ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला प्रकरण हवं होतं. पुस्तक नको होतं.

"असू द्या," तोच म्हणाला. "त्यांनी वाईट ल्हिलं, तुमी चांगलं ल्हिलं. वाचलं कुणीच न्हाई."

मग त्याने एका ओढीत गाठ सोडली. कोकरू बांधायची गाठ ती, एका ओढीत सुटते. शिक्क्याचे दोन तुकडे झाले. त्यातली एक प्रत काढून त्याने माझ्यासमोर ठेवली, दोरा गुंडाळून खिशात घातला आणि रामराम करून निघून गेला.

निवृत्त झाल्यावर मी ते पुस्तक वाचलं. चालत्या कळपात मेलेलं कोकरू पुरायला थांबता येत नाही, म्हणून परिचराच्या आईने ते घोंगडीत गुंडाळून दिवसभर कडेवर चालवलं, असं एक पान आहे त्यात. ते पान मी चार वेळा वाचलं. लोकांच्या खोट्या साक्षी मी आयुष्यभर पकडल्या. न पाहिलेलं पाहिलं म्हणणारा साक्षीदार मला चेहऱ्यावरून कळायचा. माझी स्वतःची साक्ष मात्र माझ्याच सहीने वर गेली होती, आणि मला काही वाटलं नव्हतं. चांगल्या हेतूने खोटं लिहिलं की ते खोटं वाटत नाही, एवढं मी या प्रकरणातून शिकलो, तेही उशिरा.

न राहवून एक दिवस त्याच्या दवाखान्यात गेलो. तो एका गाईच्या पायाला पट्टी बांधत होता. मी त्याला कोकराचं पान सांगितलं, माझे डोळे भरून आले तेही सांगितलं. त्याने हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"ह्ये म्हातारीला सांगाय पायजे व्हतं, सायेब," तो म्हणाला, आणि पट्टीची गाठ मारली.