स्वीडनची गोलकीपर आणि आमची मुस्कान

गेल्या महिन्यात शिरोलीला आमच्या फौंड्रीत स्वीडनच्या कस्टमरचं ऑडिट होतं. मी क्वालिटीला असल्यामुळं तीन दिवस पाहुण्यांबरोबर फिरायचं काम माझ्याकडं आलं.

आलेल्या बाईंचं नाव इंग्रिड. पन्नाशी ओलांडलेली, उंच, मोजकं बोलणारी. काळा चष्मा शेडमध्येसुद्धा काढत नव्हत्या... मला वाटलं, आपल्याकडच्या उन्हाची सवय नसेल.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जेवताना माझा मोबाईल वाजला आणि स्क्रीनवरचा फोटो त्यांना दिसला. ग्लोव्ह्ज घातलेली माझी मुलगी मुस्कान. नववीत आहे, शाळेच्या टीमची गोलकीपर.

"मी पण गोलकीपर होते," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं."

फुटबॉलवेड्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी सुटलोच... आठवड्यापूर्वीची सेमी-फायनल सांगायला लागलो. मुस्कान स्ट्रायकरच्या पायात झेपावली आणि त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. दोन मिनिटं पोरगी निपचित पडली होती. मग उठली, आणि पुढं तीन गोल वाचवले!

स्कूटरवरून घरी येताना तिनं मला विचारलं होतं, "अब्बा, मॅच जिंकलो का आपण?" घरी सगळे यावर हसलो होतो. तेही मी कौतुकानं सांगितलं. आता रविवारी फायनल. डोकं दुखतंय, ट्यूबलाईट सहन होत नाही, तरी खेळणार म्हणते.

इंग्रिडबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"खेळायचं कुणी ठरवलं?"

"तिनंच," मी म्हणालो.

"माझंही मीच ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ठरवत होतं ते मार लागलेलं डोकं."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. लहान गावातल्या, वडील बेकरीवाले. पहाटे चारला बेकरीत पाव भाजायचे आणि संध्याकाळी बर्फ बाजूला सारून प्रॅक्टिस करायची. बायकांच्या फुटबॉलवर तेव्हा पोट भरत नव्हतं. चार वर्षं नुसती बाकावर बसून काढली, तेव्हा कुठं मुख्य टीमच्या गोलमध्ये उभं राहायला मिळालं.

डोक्याला तीनदा मार बसला. तिसऱ्या वेळी समोरचं सगळं दोन-दोन दिसत होतं, पण कुणाला सांगितलं नाही. बाकावर एक तरुण मुलगी वाट बघत होती... एकदा जागा सोडली तर परत मिळायची नाही, ही भीती. तशाच तीन मॅच खेळल्या. चौथ्या मॅचला मैदानातच कोसळल्या आणि तिथंच खेळणं संपलं. पुढची दोन वर्षं पडदे ओढलेल्या खोलीत गेली. उजेड आजही सोसत नाही.

"माझी सगळ्यात चांगली मॅच त्या तीनमधली. दोन पेनल्टी अडवल्या. व्हिडिओ आहे माझ्याकडं. ती बाई छान खेळते... पण ती मी आहे, असं मला आठवत नाही."

मी ताटाकडं बघत बसलो. कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. डोकं दुखतंय हे टीमच्या सरांना सांगू नको, असं मुस्कानला मीच सांगितलं होतं. रोज सकाळी गोळी मीच देत होतो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला डॉक्टरांकडं नेलं. तपासून त्यांनी महिनाभर मैदान बंद सांगितलं, पुढचं नंतर बघू म्हणाले. अशा अवस्थेत दुसरा मार बसला तर काय होऊ शकतं, तेही सांगितलं. ते इथं लिहवत नाही.

मुस्कान दवाखान्याच्या पायरीवरच बसली. "तुम्हीच म्हणालासा की, सांगू नगं म्हणून. मग आता का?" "माझं चुकलं," एवढंच म्हणालो. तिनं मान फिरवली.

संध्याकाळी मैदानावर जाऊन शिंदे सरांना सगळं सांगितलं. सर तिला पाचवीपासून शिकवतात. त्यांनी हातातली शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाले, "आठ दिवस गप बसलासा व्हय? पोरगी माझी बी हाय की." शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

परत जायच्या आदल्या संध्याकाळी इंग्रिडबाई आमच्या घरी आल्या. मुस्कान खोलीबाहेर यायला तयार नव्हती. बाईंनी माझ्या बायकोला हातानंच 'असू दे' असं केलं, दार ढकलून आत गेल्या आणि अंधारात तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. काळा चष्मा काढून बाजूला ठेवला. मी दार ओढून घेतलं.

तासाभरानं बाहेर आल्या. आत काय बोलणं झालं, मुस्काननं आजपर्यंत सांगितलेलं नाही. तिचं इंग्लिश बेताचं आणि बाईंना मराठी येत नाही...

रविवारी फायनल दोन गोलनी हरलो. मुस्कान टोपी घालून सरांशेजारी बसली होती. मॅच संपल्यावर तिच्या जागी खेळलेली आठवीतली मुलगी रडायला लागली, तेव्हा हीच उठून तिच्याजवळ गेली. माझ्याशी मात्र आणखी चार दिवस बोलली नाही.

आता डोकेदुखी बरीच कमी आहे. सकाळी चालायला परवानगी मिळाली आहे. पुन्हा गोलमध्ये उभी राहील की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत आणि मीही विचारायचं सोडलंय.

परवा ऑडिटचा रिपोर्ट आला. मेलच्या तळाशी इंग्रिडबाईंची एक वेगळी ओळ होती, मुलीला झोप लागते का? लागते, असं मी कळवलं.

त्या दिवशी कँटीनमध्ये मी शाबासकीच्या आशेनं बोलत होतो. बाईंनी ती दिली नाही... याबद्दल मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे.