कपड्यांचा रकाना

ती घटना आठवली की आजही हसू येतं, आणि येतं ते माझंच. बाकीच्या केसेसमध्ये हसण्यासारखं दुसरं कुणीतरी सापडायचं. हिच्यात मी एकटीच होते.

तेव्हा मी भिलाईच्या एका ठाण्यात सब इन्स्पेक्टर होते. खांद्यावर दोन तारे नवेच लागलेले. टोपी इतकी घट्ट घालायची की कपाळावर संध्याकाळपर्यंत वळ राहायचा, आणि तो लवकर जाऊ नये म्हणून घरी तोंडही हलक्या हातानं धुवायची. तेव्हाची ती मी आज रस्त्यात भेटले तर मी ओळख दाखवणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. सकाळी साडेनऊला मुन्शीजींनी एका म्हातारीला माझ्या टेबलाशी आणून बसवलं. मुन्शी म्हणजे ठाण्यातली लिखापढी सांभाळणारे जुने हवालदार.

"मैडम, कैंप-1 की हैं। आपकी तरफ की हैं, आप ही बात करो।"

ठाण्यात मराठी बोलणारी मी एकटीच. म्हातारी मांडीवर कापडी पिशवी धरून ताठ बसली आणि म्हणाली, "बाई, मायं घर हरवलं."

"घरातलं काय हरवलं, आजी?"

"सामान नाही वं. माणसं. पोरगा, सून, दोन नाती. पहाटेपासून घरात कोणी नाही."

मुलगा स्टील प्लांटमध्ये नोकरीला, हिशेबी माणूस, व्यसन नाही. कुणावर संशय आहे का, विचारलं. म्हातारी क्षणभरही थांबली नाही.

"सुनेचा भाऊ. पांढऱ्या मारुतीत तोच बसवून घेऊन गेला साऱ्यायले."

"कुठे नेलं असेल?"

"मले नेलं असतं तं मले माहीत असतं ना."

या उत्तरात अख्खी केस होती. मी ते लिहूनही घेतलं. वाचलं मात्र नाही.

आमच्या छत्तीसगडात बेपत्ता माणसाला कागदावर 'गुम इंसान' म्हणतात. त्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: अंगावरचे कपडे. म्हातारीनं तो असा भरवला की मी थक्क झाले. मुलाचा निळा चौकड्यांचा शर्ट, खालून दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं. सुनेची मोरपंखी साडी, फॉल एका जागी उसवलेला. मोठीचा पिवळा फ्रॉक. धाकटीच्या सँडलचं बक्कल तुटलेलं, त्याला सेफ्टी पिन. रकाना पुरला नाही, मी मागच्या बाजूला लिहिलं. आणि मुन्शीजींना ऐकवलं, "देखिए, बयान ऐसे लेते हैं।"

ते म्हणाले, "मैडम, छुट्टी का दिन है। शाम तक रुक जाओ, आ जाएँगे।"

मी कशाला थांबते! मला अपहरण दिसत होतं. तासाभरात पेट्रोल पंपावरच्या माणसानं खबर दिली: पांढरी मारुती, पहाटे टाकी फुल्ल केली, नागपूरच्या रस्त्याला लागली. म्हणजे राज्याची सीमा ओलांडून पसार! मी कंट्रोल रूमला वायरलेस केला, नाक्यांना पंपाच्या बिलावरचा गाडीचा नंबर दिला, महाराष्ट्राच्या बाजूला फोन लावायला लावले. साहेबांसमोर नकाशा पसरला. नकाशाची गरज नव्हती, रस्ता सरळ एकच आहे.

दुपारी एकच्या सुमारास साकोलीकडून निरोप आला. पाचही जण सानगडीच्या किल्ल्यावर सापडले होते, झाडाखाली पुऱ्या खात.

मी तरीही हट्ट सोडला नाही. गाडी परत वळवली. त्यांना अजून अंबागडचा किल्ला बघायचा होता, दिवसभराची सहल होती, प्लांटमधून मोठ्या मिनतवारीनं मिळालेली रजा होती. तो दुसरा किल्ला माझ्यामुळे राहिला.

पाच वाजता सगळे ठाण्यात. मी सुनेच्या भावाला आत घेतलं आणि अर्धा तास उलटसुलट विचारलं. तो घामाघूम.

"मॅडम, मी फक्त गाडी चालवून राहिलो होतो. किडनॅपिंग में कोई पूड़ी-सब्जी लेके जाता है क्या?"

बाहेर आले तर मुन्शीजी तो फॉर्म वाचत उभे.

"मैडम, बाईस साल से ये फॉर्म भर रहा हूँ। कपड़े वाला खाना हमेशा खाली जाता है। मेरी घरवाली गुम जाए तो मैं साड़ी का रंग नहीं बता पाऊँगा। इन्होंने सेफ्टी पिन तक लिखवा दी।"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस हरवला की घरच्यांना त्याचे कपडे आठवत नाहीत, कारण जाताना त्याच्याकडे कुणी नीट पाहिलेलंच नसतं. या बाईनं मात्र एकेकाला डोळे भरून पाहिलं होतं. तिनं त्यांना निरोप दिला होता.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "आजी, ते कुठं गेले हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत कावून नाही राहीन? पुऱ्या मीच तळल्या पहाटे. पिनही मीच लावली."

"मग हरवले म्हणून का सांगितलं?"

"मायासाठी तं हरवलेच ना."

मुलगा तोवर जवळ आला होता. चिडलेला, पण आवाज खाली. "माय, काय केलं तू हे? किल्ल्यावर चढाचं होतं. तुये गुडघे पाह्य. म्हणून नाही नेलं."

"मी चढतो म्हटलं का? सानगडी मायं माहेर हाय रे. त्या किल्ल्याच्या गोष्टी पोरींयले कोणं सांगितल्या? मी खालीच बसली असती, तळ्यापाशी. तुमी उतरेपर्यंत."

"गाडीत जागा पाच जणांची, माय."

"पोरी मांडीवर बसल्या असत्या."

धाकटी आजीला बिलगून हिंदीत विचारत होती, पुलिसवाली आंटी हमको जेल में डालेगी क्या. म्हातारीनं तिला मराठीत समजावलं. पोरीला किती समजलं कोण जाणे.

आणि मी काय केलं? खोटी माहिती देऊन पोलिसांचा वेळ घेणं हा गुन्हा आहे, यावर म्हातारीला भाषण दिलं. उभ्यानं, टोपी घालून. तिनं शांतपणे ऐकलं. निघताना पदर सारखा केला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, तिच्या अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं होतं, घडीच्या रेघा अजून तशाच. पिशवीतून पाण्याची बाटली आणि कंगवा डोकावत होता. पहाटे ती तयार होऊन बसली होती. सकाळपासून माझ्यासमोर होती. मी चार जणांचे कपडे बटणासकट लिहिले, आणि समोरचीकडे पाहिलं नाही.

रजिस्टरला लिहिलं: सर्वजण दस्तयाब. म्हणजे मिळून आले. तिला पुढे कुणी सानगडीला नेलं की नाही, मला माहीत नाही. कॅम्प-१ या तिच्या वस्तीतून पुढली किती वर्षं माझी जीप जायची. एकदा उतरून विचारायला पाच मिनिटं लागली असती.

या केसनं मला एक शिकवलं. पुढे ज्या ज्या पोरींना मी कामाला तयार केलं, त्यांना सांगत आले: तक्रार घेताना आधी तक्रारदाराला बघा, तो कुठे निघाला होता ते विचारा. पोरी मान हलवायच्या आणि फॉर्म भरायला घ्यायच्या.

आता मी भिलाईतच, स्मृति नगरात मुलाकडे असते. आज सकाळी घर सहलीला गेलं, रतनपूरचा किल्ला आणि पुढे चैतुरगड. "आई, तुमचे गुडघे," सून म्हणाली. चांगली आहे, डबा झाकून ठेवून गेली. मुलाच्या अंगावर करडा टी-शर्ट, कॉलर उलटी दुमडलेली. सून गुलाबी कुर्त्यात. नातू लाल टोपीत, नातीचा एक मोजा पांढरा आणि एक पिवळट.

ठाणं इथून जवळ आहे. जाणार नाही, घाबरू नका. पण तिथली पोरगी विचारायची नाही, म्हणून पाचवीचंही इथे लिहून ठेवते: जांभळी साडी, बारीक जरीचा काठ. पायात कॅनव्हासचे नवे बूट. नाड्या बांधलेल्या.