बंद बॉक्स

गाडी घेतली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो. सेकंड हँड असली तरी आमच्या घरातली पहिली. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती. आबा, म्हणजे माझे वडील, खाली उतरले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मोठ्याने म्हणाले, "गाणी लागतात ना रे हिच्यात?"

आबा सगळंच मोठ्याने बोलतात. मिलमध्ये ते चोवीस वर्षं साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. आजोबांना साचेखात्यात उभंच करत नसत. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. आबांना ते काम मिळालं तेव्हा आजीने पुरणपोळ्या केल्या होत्या म्हणे. त्याच कामाने त्यांचे कान नेले. कानाचं मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणून ते काढून ठेवतात. गाण्यातला फक्त ठोका त्यांना कळतो. जयंतीच्या मिरवणुकीत मुद्दाम स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहतात, छातीवर हात ठेवून.

गाडीत सबवूफर, म्हणजे ठोक्याचा मोठा स्पीकर, बसवायला मी गिरगावला निघालो, तेव्हा न विचारताच इस्त्रीचा शर्ट घालून तेही तयार झाले.

दुकानदाराने दोन बॉक्स पुढ्यात ठेवले. "वूफर तोच आहे साहेब, फरक बॉक्सचा. हा सील्ड, सगळीकडून बंद. दणका कमी, पण आवाज साफ. हा पोर्टेड. ह्याला भोक आहे, त्यातून हवा मारतो. आवाज डबल. डिकी पण जास्त खातो."

त्याने दोन्ही वाजवून दाखवले. आबांनी बंद बॉक्सवर तळवा ठेवला, लगेच उचलला. भोकाच्या बॉक्सवर ठेवला आणि तसाच राहू दिला. चेहरा उजळला. "हा घे! हा कळतो मला!" अख्ख्या दुकानाने वळून पाहिलं. दोन गिऱ्हाइकं हसली.

मला बंदच हवा होता. डिकीतली जागा हे घरी सांगायचं कारण. खरं कारण वेगळं. लोअर परळच्या आमच्या ऑफिसातला एक जण एकदा लिफ्टमध्ये म्हणाला होता, "धाडधाड वाजवत जाणाऱ्या गाड्या कुठल्या वस्तीतल्या, ते लांबूनच कळतं." मी कुठे राहतो हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही त्याच्याबरोबर हसलो होतो.

दुकानदार म्हणाला, "काकांना तर हा आवडला."

"त्यांचं सोडा," मी म्हणालो. "त्यांना कुठे काय ऐकू येतंय! बंदवालाच लावा."

आवाज मी वाढवला नव्हता. पण आबा चष्म्यातून माझ्याकडेच बघत होते. साच्यांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून साचेवाले ओठ वाचून बोलत. लहानपणी आबा गॅलरीत उभे राहून खाली नळावरच्या बायका काय बोलतायत ते आम्हाला सांगायचे, आम्ही हसून लोळायचो. हे सगळं मला माहीत होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही.

त्यांनी बॉक्सवरचा हात काढला. "मी बाहेर थांबतो," म्हणाले. तेही हळू आवाजात.

बसवायला दोन तास लागले. तेवढा वेळ ते फुटपाथवर स्टुलावर बसून होते. परत येताना मी त्यांच्या आवडीचं गाणं लावलं, सिग्नलला खांद्याला हात लावून विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान," ते म्हणाले. "साफ आहे." आणि काचेबाहेर बघत बसले.

त्यानंतर ते गाडीत बसले नाहीत. परळच्या इस्पितळात तपासणीला जायचं तर बसने गेले. तीन महिने मी हे पाहिलं. मग एका रविवारी जाऊन तो भोकाचा बॉक्स बसवून आणला आणि वर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. "आबा, तुम्हाला आवडलेला बसवलाय. चला, दादरपर्यंत चक्कर मारून येऊ."

"गुडघे दुखतात रे. जिना नको."

अर्ध्या तासाने गॅलरीतून पाहिलं, तर ते नाक्यावर मित्रांबरोबर चहा पीत उभे होते.

आई शेजारी येऊन उभी राहिली. "काय बोललास तू त्यांना?"

"काही नाही."

"काहीतरी बोलला असशील. उगाच नाही असं वागायचे ते."

आजवर तिला सांगितलेलं नाही. आबांची माफी मागायचा प्रयत्न दोन-तीनदा केला. पण मी समोर बसून बोलायला लागलो की ते चष्मा काढून ठेवतात.