पाऊण मैलाचं इंटरनेट

फेब्रुवारी महिन्यात व्हर्जिनियातली झाडं पारदर्शक असतात, आणि या एकाच गोष्टीवर विसंबून मी घरचं नेटवर्क उभारलं.

२००६ सालची गोष्ट. मी अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क इंजिनिअर होतो. दिवसभर अर्ध्या जगाचं इंटरनेट आमच्या हातात, आणि संध्याकाळी घरी आलो की फोनलाइनवरचं रडतखडत डायल-अप! कारण 'मोकळी हवा, तीन एकर जागा' या मोहाला बळी पडून मी गावाबाहेर घर घेतलं होतं. केबल कंपनीच्या बाईंनी पत्ता ऐकून आधी विचारलं होतं, "तिथे लोक राहतात?"

त्या वर्षी घरात कामाची वाटणी झाली. धाकट्या मेहुणीला मे महिन्यात बाळ होणार होतं, म्हणून सासूबाई नागपूरलाच थांबल्या. सासरे, म्हणजे आप्पा, आमच्या सहा वर्षांच्या इराला सांभाळायला आमच्याकडे आले. आप्पा कॉलेजात चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. परतीचं तिकीट थेट ऑगस्टचं. "बारशाला बाळाचं तोंड तेवढं दाखवा हो, सुहासराव," एवढंच ते म्हणाले. आता नेटवर्क इंजिनिअर जावयाकडे ही काय मागणी झाली?

उपाय सोपा होता. शेतापलीकडे पाऊण मैलावर जोशी काकू राहायच्या आणि त्यांच्याकडे केबल होती. इंटरनेट हवेतून पाठवणारा एक रेडिओ त्यांच्या छपरावर, एक आमच्या, दोघांची तोंडं समोरासमोर केली की काम फत्ते. मी चौदा रकान्यांचा तक्ता केला (घर घेताना एवढा केला असता तर!) आणि शेवटी दोन जोड्या उरल्या. एक महाग आणि संथ, पण झाडापानांतून जाणारी. दुसरी स्वस्त आणि वेगवान, पण मध्ये काही आडवं आलेलं तिला खपत नसे.

विकणाऱ्याने फोनवर विचारलं, "मध्ये झाडं आहेत का?"

"आहेत. पण पलीकडचं घर स्वच्छ दिसतंय."

"आत्ता?"

"हो, आत्ता बघतोय!"

त्याने 'फेब्रुवारी' असं स्वतःशीच दोनदा म्हटलं. मला वाटलं, माझी तयारी पाहून भारावला.

आप्पा मफलर गुंडाळून घरामागच्या लाकडी डेकवर उभे होते. म्हणाले, "सुहासराव, ते मेपल आहेत बरं का."

"हो आप्पा, फार सुंदर झाडं."

"तसं नाही हो. पानझडी आहेत ते."

"वा!" मी म्हणालो. (विषय निघाला की प्राध्यापकांना राहवत नाही, असं मी नंतर बायकोला, मंजिरीला, समजावलंही.)

मग स्वस्त जोडी मागवली आणि एका शनिवारी मी छपरावर चढलो. नेम कुठे धरायचा ते कळावं म्हणून काकू त्यांच्या डेकवर उन्हात स्टीलची परात धरून उभ्या राहिल्या. फोन खांद्यात दाबून मी ओरडत होतो, "काकू, जरा डावीकडे!"

"अरे, या परातीत कणीक भिजवायचीय मला! आटप लवकर!"

परात चमकली, रेडिओचे सिग्नल दाखवणारे पाचही दिवे लागले, आणि सासूबाई थेट नागपूरहून पडद्यावर हलल्या. पुढचे दोन महिने मी ऑफिसात ज्याला-त्याला पकडून ही कथा ऐकवली.

एप्रिलच्या शेवटी पाचांतला एक दिवा विझला. मी केबल बदलली. दुसरा विझला. मी सॉफ्टवेअर बदललं. तिसऱ्याला मी रेडिओ उंच न्यायला छपरावर आठ फुटी पाइप उभारला.

"डॅडी, इट वॉज फास्टर विदाउट द पोल," इरा म्हणाली.

"नक्की प्रॉब्लेम काय आहे?" मंजिरीने विचारलं.

"इंटरफिअरन्स. आजूबाजूच्या लोकांच्या सिग्नलचा."

"कुठले लोक? इथे कुणी राहतं तरी का?"

बारसं नागपूरच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सकाळी साडेआठला. आप्पा इस्त्रीचा झब्बा घालून सातपासूनच कॉम्प्युटरसमोर बसलेले. रेडिओचा उरलासुरला दिवाही गेला. मी फोन घेऊन छपरावर धावलो. "काकू, जरा परात धरा हो!"

"केव्हाची धरलीय!"

समोर हिरवीगार भिंत होती. परात नाही, काकू नाहीत, त्यांचं अख्खं घर नाही! सबंध वसंत ऋतू माझ्या नाकासमोर येऊन उभा राहिला होता आणि मी दिवे मोजत बसलो होतो.

खाली येऊन डायल-अप जोडलं. मेहुणीच्या नवऱ्याने बाळाचा फोटो मेल केला होता. तो वरून एकेक ओळ उतरू लागला. कपाळ आलं, भुवया आल्या, आणि लाइन तुटली. आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कपाळ छान आहे हो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली, की मी पुन्हा छपरावर गेलो.

तिथूनच मला मंजिरीचा आवाज ऐकू आला. "आप्पा, चला, गाडीत बसा. काकूंकडे जाऊ. चार मिनिटं लागतात."

चार मिनिटं! माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. आप्पांनी काकूंच्या कॉम्प्युटरवर बाळाचं नाव ठेवताना पाहिलं, बाळाचं नाकही पाहिलं, वर काकूंच्या हातचा शिरा खाल्ला. बारसं सगळ्यांनी बघितलं. मी तेवढा पाइप धरून छपरावर होतो.

ऑगस्टमध्ये आप्पा नागपूरला परतले. नोव्हेंबरात एका सकाळी बघतो तर रेडिओचे पाचही दिवे आपोआप लागलेले! मी तातडीने नागपूरला कॉल लावला. पडद्यावर आप्पा, मांडीवर बाळ, चित्र लख्ख.

"बघा आप्पा!" मी छाती फुगवून म्हणालो. "शेवटी सोडवलाच की नाही मी प्रॉब्लेम?"

आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खाली वाकून नातवाला म्हणाले, "बघ रे राजा, व्हर्जिनियात पानं गळली."