निम्म्या कॅप्सूल

माझा धाकटा भाऊ रंगारी. भिंतीच्या बाबतीत महाकटकटा माणूस! पुट्टी खणखणीत वाळल्याशिवाय ब्रश उचलणार नाही, दुसरा हात मारल्याशिवाय घरमालकाला चावी देणार नाही. आणि स्वतःच्या घरात या शहाण्याने काय दिवे लावले, ते ऐका.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. परगावी एका हॉटेलच्या कामावर गेला आणि तिथे पाय घसरला. परत आल्यावर लघवीला जळजळ. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, क्लॅमिडिया आहे, संबंधातून होतो. कॅप्सूल पूर्ण घ्या आणि बायकोलाही घेऊन या. तिला काही त्रास नसला तरी आतून नासधूस होते.

तिला सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून या पठ्ठ्याने निम्म्या कॅप्सूल स्वतः गिळल्या आणि निम्म्या फोडून तिच्या दुधात ढवळल्या. तिला दूध कडूजहर लागलं, तिने मोरीत ओतलं. वर हाच तिला म्हणाला, "भांडी नीट घासत जा."

त्याची जळजळ थांबली. भावजयीचं मात्र ओटीपोट दुखायला लागलं, मधूनच ताप यायचा. बाईच्या जातीला हे चालायचंच, असं आम्ही म्हणायचो. मूल होईना, तशी आई तिला चारचौघांत घालूनपाडून बोलू लागली. मीही काही कमी नव्हते. तो बिचारा (बिचारा कसला, मेला!) मान खाली घालून ऐकायचा. अंगाने निम्मा झाला. पण तोंड उघडेल तर शपथ!

शेवटी मीच दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, "जुना संसर्ग आत राहून गेलाय. तो औषधाने जाईल, पण दोन्ही बीजवाहिन्या बंद झाल्यात. दुसरे उपाय आहेत, पण आपोआप दिवस जाणं कठीण."

भावजय हुंदके देत म्हणाली, "माझंच नशीब फुटकं. अहो, तुम्ही दुसरं लग्न करा."

तो म्हणाला, "नशीब नाही गं. मी. हे मीच आणलं घरात." आणि हॉटेलपासून दुधापर्यंत सगळं सांगून टाकलं. एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं मला. पण तिला इतकं टोचून बोललेली मी, मला तरी कुठे तोंड होतं?

भावजयीने डोळे पुसले. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घरी चला," म्हणाली. "आईंना हे तुम्हीच सांगायचं. माझ्यावर विश्वास बसायचा नाही त्यांचा."

घरी आईसमोर उभा राहून त्याने सांगायला सुरुवात केली. आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती धावत जाऊन दार लावून आली.

"अरे, हळू बोल! शेजारीपाजारी ऐकतील."

भावजय उठली. तिने दार सताड उघडलं.

"मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."