दोनदा मोजलेला कोपरा

मुक्ता, निहार,

“बांध कुणात धरलाय?” असं मी रविवारी फोनवर विचारलं आणि तुम्ही दोघं हसलात. मुक्ताच्या कॉलेजच्या मॉडेलमध्ये संगणक इमारतीचं क्षेत्रफळ जास्त दाखवत होता. दोन ठोकळे एकमेकांत घुसले होते. ते जोडल्यावर आकडा खाली आला. “आजी, तुला हे कुणी शिकवलं?” मुक्ता, तू विचारलंस, आणि मी विषय बदलला. आज सांगते.

वाक्य मिस्त्रींचं. भोरला ज्या इंजिनिअरच्या ऑफिसात मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायचे, तिथे ते होते. मूळचे पालीचे गवंडी. परांचीवरून पडून पाय अधू झाला, तेव्हा साहेबांनी त्यांना संगणकापुढे बसवलं. इंग्रजी वाचता येत नसे; बटणं ते जागेवरून ओळखत. इमारतीचा आधी भरीव ठोकळा करायचा, मजल्यांच्या उंचीवर तो आडवा कापायचा, की संगणक क्षेत्रफळ सांगतो. आकडा आला की मिस्त्री पडद्यावरच वीत टाकून बघत. काचेवर बोटांचे डाग पडत, म्हणून मी त्यांना एक फडकं दिलं होतं.

वेल्ह्याला मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. काटकोनात दोन ठोकळे, तीन मजले. क्षेत्रफळ भरपूर आलं, साहेबांनी त्यावरून खोल्या ठरवल्या आणि संस्थेला शब्द दिला. मिस्त्रींनी तासाभरातच सांगितलं, “सायेब, बांध कुणात धरलाय? कोपरा दोनी ठोकळ्यांत मोजलाय. तिन्ही मजल्यांवर.”

“म्हणजे?”

“आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की मधला बांध दोघंबी आपल्याच वावरात धरत्यात. कागदावर जमीन वाढती, भात तेवढाच पिकतो. ठोकळे जोडा, सा खोल्या कमी भरतील.”

“संगणक खोटा आणि तुझी वीत खरी?”

“जोडून तर बगा.”

“थापी आणून द्या रे याला,” साहेब म्हणाले, “माउस जड जातोय.”

सगळे हसले. मीही हसले. मिस्त्रींनी फडक्यानं पडदा पुसला.

जोत्यासाठी जमिनीवर चुन्याची फक्की मारून आखणी झाली, तेव्हा सहा खोल्या कमी भरल्या. तोवर मुलींची नावं लिहून झाली होती. देणगीदार परदेशातले, त्यांना लेखी खुलासा हवा होता. साहेबांनी मला आत बोलावलं. “मिस्त्रीच्या नावानं लिहा. त्याच्या निष्काळजीपणामुळे ठोकळे जोडायचे राहिले, म्हणावं. त्याचं काय जातंय?”

मी लिहिलं. चांगलं लिहिलं. दोनदा वाचून एक स्वल्पविराम बदलला.

मिस्त्री माझ्या टेबलाशी उभे राहिले. “बाई, काय लिवलंय?”

“नेहमीचंच,” मी म्हणाले, आणि बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी मराठीत, एकेक अक्षर कोरत सही केली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्यांना काढलं. पत्राची एक प्रत हातात दिली, कारण विचारू नये म्हणून. ती त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं घरी वाचून दाखवली.

ते एकदाच परत आले. मी पाकिटं लावत होते.

“बाई, तुमाला म्हाईत व्हतं. मी सांगितलं तवा तुमी हितंच बसला व्हता.”

मी म्हणाले, “साहेब आत आहेत.”

ते आत गेले नाहीत. टेबलावर घडी घातलेलं फडकं ठेवलं आणि पाय ओढत जिना उतरले. तो जिना उतरायला त्यांना किती वेळ लागतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

भोर-वेल्ह्यात सगळ्यांना सगळं कळतं; पत्रातला निष्काळजीपणाही कळला. त्यांना पुन्हा कुणी संगणकापुढे बसवलं नाही आणि परांचीवर ते चढू शकत नव्हते. ते गेल्याचं मला एसटीत, दुसऱ्याच बोलण्यातून समजलं. मी पालीला गेले नाही.

वसतिगृह उभं आहे, सहा खोल्या कमी. पत्राची कार्यालयीन प्रत माझ्याकडे फायलीत आहे. इंग्रजीत एकही चूक नाही. खाली त्यांची सही आहे.